रस्ता बांधापाशीच का संपतो? पुण्याच्या कडेच्या वस्तीतून एक प्रश्न

सातवा मजला (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा पाल्हाळ लावून विचारतेय, सांभाळून घ्या.

माझं माहेर एरंडवण्यातलं. भाड्याच्या दोन खोल्या, संडास सामायिक, पण दारातून बाहेर पडलं की चारी दिशांना वाटा. आता आंबेगाव बुद्रुकला सातव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट आहे, दोन लिफ्ट आहेत, क्लबहाउस आहे. बाहेर पडायला दिशा मात्र एकच.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या रस्त्यावरचं किराणा दुकान दिसतं, औषधांचं दुकान दिसतं, मुलीची स्कूलबस थांबते ते वडाचं झाडही दिसतं. सरळ चालत गेलं तर दोन मिनिटांचं काम. पण मधे आमची भिंत, तिला चिकटून शेजारच्या सोसायटीची भिंत, त्यावर काचा. म्हणून रोज सकाळी स्कूटर काढायची, गल्लीतून सर्व्हिस रोडवर यायचं, उलट्या दिशेने येणाऱ्या टेम्पोंना चुकवत वळसा घालायचा आणि खिडकीतून दिसणाऱ्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं.

गल्लीचं वर्णन काय करू? आमच्या सोसायटीसमोर ती चांगली रुंद आहे, पुढच्यांच्या समोर निम्मी. टँकर आला की वाहतूक बंद. टोकाला पेरूची थोडी झाडं, पत्र्याचं घर आणि कडब्याची गंजी; तिथे रस्ता संपतो. गंमत म्हणजे पेरूच्या पलीकडे तोच रस्ता पुन्हा सुरू होतो. डांबरी, पांढरे पट्टे मारलेला, दिव्यांचे खांब लावलेला. त्यावर संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. फ्लॅट घेताना बिल्डरने नकाशावर बोट ठेवून 'हा डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, पझेशनच्या आत होणार' असं सांगितलं होतं. मुलगी तेव्हा कडेवर होती, आता दुसरीत आहे.

दीर म्हणतात, 'वहिनी, विकसनशील देश आहे. आधी माणसं येतात, मग रस्ते. पैसे आले की होईल सगळं.' मला हे पटत नाही. एरंडवणं वसलं तेव्हा देश आजच्यापेक्षा गरीबच होता ना? मग तिथे गल्ल्या एकमेकींना मिळतात आणि इथे, कोट्यवधींची उलाढाल होऊनही, मिळत नाहीत, हे कसं? नियोजन नाही म्हणून, पैसे खाल्ले म्हणून, की आणखी काही? जाणकारांनी सांगावं.

---

गुंठामंत्री (पदच्युत)

पेरूवाल्याला हात लावायचा नाही. भाव अजून चढायचाय.

---

माजी रचना सहायक

प्रश्न चांगला आहे, आणि दिरांना दिलेलं उत्तर त्याहून चांगलं. नोकरीची सगळी वर्षं नगर रचना खात्यात काढली, जन्म नकाशांच्या गुंडाळ्या उलगडण्यात गेला, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक काम करा. माहेरच्या घराचं जुनं वीजबिल किंवा भाडेपावती शोधा आणि पत्ता वाचा. एरंडवणं, शिवाजीनगर, डेक्कन या भागातल्या पुष्कळ पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर अमुक' असं असतं. मग आजच्या घराचं इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढा. त्यात 'सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक' असेल. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या दोन ओळींत आहे.

फायनल प्लॉट म्हणजे अंतिम भूखंड. अंतिम आहे म्हणजे त्याआधी मूळ भूखंड होता. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगर रचना कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. १८९६ च्या प्लेगने मुंबईची जी दाणादाण उडवली त्यातून १८९८ मध्ये तिथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला होता आणि दादर-माटुंग्याची आखणी त्याने केली. पण ट्रस्ट जमीन विकत घेऊन काम करायचा, आणि तेवढा पैसा प्रत्येक गावाकडे कुठून असणार? म्हणून कायद्याने वेगळी युक्ती काढली. शेतं विकत घ्यायचीच नाहीत. पन्नास-शंभर मालकांची वेडीवाकडी शेतं कागदावर एकत्र करायची, बांध पुसायचे, रस्ते, बाग, शाळा आखायच्या आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून ज्याचे त्याला परत द्यायचे. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण प्रत्येकाच्या तुकड्याला रस्ता लागतो आणि भाव वाढतो. वाढलेल्या भावातला काही हिस्सा मालकाने 'सुधार आकार' म्हणून भरायचा, त्यातून रस्ते आणि गटारं. शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डा, तिथे हे झालं. मुंबईत सांताक्रूझ, पार्ले, वांद्रे इथल्या पत्त्यांत अजून 'टीपीएस' अशी अक्षरं सापडतील, ती हीच: टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे रचना योजना.

तेव्हा तुमचं म्हणणं खरं आहे. ही युक्ती गरीब देशातल्या गरीब नगरपालिकांसाठीच होती. पैसा नव्हता म्हणून बांध हलवले.

पुढे काय झालं? १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा आला आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना कायद्यात तोच मुख्य झाला. रचना योजनेचं प्रकरण त्या कायद्यातही आहे, पूर्ण शाबूत, पण आमच्या खात्यात त्याची फाईल म्हणजे शिक्षा समजायचे. एकेका योजनेला पंधरा-वीस वर्षं, लवाद, अपिलं, कोर्ट. त्यापेक्षा आराखडा सोपा. नकाशावर रंग भरायचे. या शेतावर हिरवा, म्हणजे बाग. त्या शेतावरून लाल पट्टा, म्हणजे रस्ता. शेजारचं शेत पिवळं, म्हणजे निवासी. पिवळ्याचं नशीब उघडलं, हिरव्याचं फुटलं. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ. आता हिरव्याने आणि लाल पट्ट्याखालच्याने गप्प बसावं अशी अपेक्षा कुणी कशाला करावी?

पालिकेने ती जमीन विकत घ्यायची असते. पैसे नसतात. दहा वर्षं उलटली की मालक कलम १२७ ची 'जमीन घ्या, नाहीतर सोडा' अशी नोटीस देतो, मग धावपळ. रोख पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देतात, तो घ्यायचा की नाही हे मालक बाजारभाव बघून ठरवतो. पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यात शहराभोवती फिरणारा एचसीएमटीआर नावाचा वर्तुळाकार मार्ग आहे. रेघ अजून रेघच आहे. तुमचा पेरूवाला काही वेगळं करत नाहीये. त्याच्या शेतावरून रेघ गेली आणि तुमच्या बिल्डरच्या शेतावरून नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

बरं, तुमच्या गावाकडे हा आराखडाही उशिरा पोचला. १९९७ मध्ये ३८ गावं पालिकेत घेतली, नंतर त्यातली बरीच वगळली, २०१७ मध्ये ११ गावं आली त्यात आंबेगाव बुद्रुक, २०२१ मध्ये आणखी २३. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झालं २०१५ मध्ये. त्यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा २०२५ मध्ये सरकारने रद्दच केला. या सगळ्या काळात इमारती थांबल्या नव्हत्या. परवानग्या मिळत होत्या, एकेका सर्व्हे नंबरला, एकेका हिश्श्याला, सुट्या सुट्या.

आता मुख्य मुद्दा. सुटी परवानगी म्हणजे शहराची आखणी सातबारावर. आपल्याकडे जमीन मोजली ती तेहेतीस फुटी साखळीने. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. वाटण्या होताना प्रत्येक भावाला गाडीवाट, विहीर किंवा कालव्याचं पाणी लागायला हवं, आणि बरी-वाईट माती सगळ्यांना सारखी यायला हवी. म्हणून शेत आडवं न कापता उभं कापतात. दोन-तीन पिढ्यांत लांबच लांब पट्ट्या तयार होतात. दोन साखळ्या रुंद, दहा साखळ्या लांब: वीस गुंठे, अर्धा एकर. म्हणजे ६६ फूट बाय ३३० फूट. शेतीला हा आकार उत्तम. नांगर कमी वेळा वळवावा लागतो.

या पट्टीवर इमारत बसवा. रुंदी वीस मीटर. अग्निशमनची गाडी जायला एका कडेने सहा मीटरची वाट ठेवा, दुसऱ्या कडेने बाजूचं मार्जिन सोडा. उरलेल्या दहा-अकरा मीटरमध्ये इमारत, तीही पट्टीसारखीच लांबट. कडेची वाट पट्टीच्या शेवटापर्यंत जाते आणि भिंतीला थडकते, कारण भिंतीपलीकडे दुसरा सातबारा. शेजाऱ्याची पट्टीही अशीच, तोही त्याच्या हद्दीत सहा मीटर सोडतो. जिथे दोन्ही वाटा एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड येतात तिथे मोजून पाहा: सहा आणि सहा, बारा मीटर. पालिकेच्या चांगल्या रस्त्याएवढी मोकळी जमीन तिथे आहेच, फरसबंदी केलेली, दिवे लावलेली. फक्त मधून भिंत गेलीय आणि दोन्हीकडे एकेक वॉचमन बसलाय. तुमच्या स्वयंपाकघराखाली बहुधा हेच असेल.

गल्ली तुमच्यासमोर रुंद आणि पुढे अरुंद का, तेही सांगतो. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, १.१. त्यावरचा, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर हवा असेल तर समोर निदान नऊ मीटरचा रस्ता लागतो. म्हणून बिल्डर आपल्या हद्दीतून दीड-दोन मीटर सोडतो, कागदावर नऊ मीटर पुरे करतो. पुढच्या पट्टीवर अजून जुनं बैठं घर असतं, त्याला घाई नसते. गल्ली मग उंदीर गिळलेल्या सापासारखी दिसते, आणि जागोजागी फुगलेल्या गल्लीतून वाहनं जातात ती तिच्या सगळ्यात अरुंद जागेच्या हिशेबानेच.

आणखी एक. भूखंड ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठा असेल तर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर. त्यामुळे एकराला थोडी कमी पडेल अशा बेताने जमीन घेणारे हुशार लोक मी पुष्कळ पाहिले. दहा हुशार लोक शेजारी शेजारी आले की दहा एकरांत एकही मैदान नाही. नियम कुणीच मोडलेला नसतो.

वाहनतळाचा मजला एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणून खाली घरं नाहीत, दुकानं नाहीत, फक्त खांब आणि गाड्या. सदाशिव पेठेतल्या बोळात अंधार असला तरी ओसरीवर कुणीतरी बसलेलं असायचं. तुमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना भिंत, आणि माणसं वर सातव्या मजल्यावर. दिरांना सांगा, रस्ते मागाहून येत नाहीत. मागाहून येतात ते पूल. आमच्या गणेशखिंडीतला विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला आणि आता तिथे दुमजली बांधलाय. पूल पाडून पुन्हा बांधता येतो, बांध तसा नंतर हलवता येत नाही.

---

दीड गुंठा

साहेबांचा प्रतिसाद वाचला. माहिती झकास. पण 'पट्ट्या', 'हुशार लोक' वगैरे वाचून आमचंही थोडं ऐका.

मी गुंठेवारीतला. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. आमच्या वस्तीचं नाव टाकत नाही, नावाने ओळखू येईल इतके आम्ही पेपरात येतो, 'अनधिकृत' या विशेषणासकट. नव्वदच्या दशकात पुण्यात दोन खोल्या घ्यायच्या तर माझा आख्खा पगार हप्त्यात गेला असता. १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मोठ्या जमिनी अडकल्या होत्या, त्या सुटायला २००७ उजाडलं. मधल्या काळात माणसं यायची थांबली का? कारखाने तर बोलावत होते. म्हाडाच्या सोडतीत नंबर लागेना. मग शेतकऱ्याने एकर मोडून गुंठा-गुंठा विकला, मी दीड घेतला. शेतजमिनीचे बारीक तुकडे विकायला बंदी, त्या तुकडेबंदीमुळे खरेदीखत होईना, म्हणून साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र. सातबारावर आजही आम्ही पंचवीस-तीस नावं सामायिक आहोत, एक वारला की वारसनोंदीसाठी सगळ्यांची पळापळ.

पण साहेब, आमच्या गल्लीचा नकाशा आम्ही काढला. कुणी रचना सहायक आला नव्हता. शेतकरी, एजंट आणि आम्ही आठ-दहा जण, चुन्याची फक्की आणि दोरी. पंधरा फुटांचा रस्ता सोडायचा ठरला, कारण विटांचा ट्रक आत यायला पाहिजे होता. तो प्रत्येकाने आपापल्या गुंठ्यातून सोडला. म्हणजे तुमची रचना योजनाच झाली की! आमच्या गल्ल्या चारी बाजूंनी खुल्या आहेत, सोसायट्यांसारखी भिंत एकही नाही. खाली दुकान, वर घर, गच्चीत भाडेकरू. पोरी रात्री अकराला कामावरून चालत येतात, कारण प्रत्येक दारात कुणीतरी बसलेलं असतं. तुम्ही ओसरीचं कौतुक केलंत, ते इथे जिवंत आहे, फक्त त्याला भोगवटापत्र नाही.

गटार मात्र नव्हतं, ते खरं. पहिल्या पावसाळ्यात शोषखड्डे भरून वर आले आणि वस्तीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या घरात गेले. पाणी, गटार, बंब जाण्याएवढी जागा या गोष्टी दोरी-फक्कीने होत नाहीत, तिथे पालिका लागते. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, पुढे २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना मुदत वाढवली. पण फी भरा, नकाशा द्या, रस्त्याला जागा सोडा. आता तुमची रचना योजना इथे आणली आणि माझ्या दीड गुंठ्यातून चाळीस टक्के कापले तर उरतात किती? वर बांधलेलं घर कुठे सरकवू? मोठ्या पट्टीवाल्याचा भाव वाढतो, माझं छप्पर जातं. याचं उत्तर द्या.

---

नैरोबीतून

इथे कामानिमित्त बरीच वर्षं आहे, म्हणून दोन ओळी. चित्र हुबेहूब तेच.

विमानतळाच्या बाजूला एम्बाकासीत पाइपलाइन नावाची वस्ती आहे. भूखंड बैठ्या घरांच्या मापाचे, त्यावर सात-आठ मजले, लिफ्ट नाही, दोन इमारतींच्या मधल्या फटीत उभं राहून वर पाहिलं तर वाळत घातलेले कपडेच दिसतात. खालच्या खोल्यांत दिवसा दिवा. एकेका खोलीत एकेक कुटुंब, आणि मालक दुसरीकडेच राहतो. दांडोरात १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आखीव भूखंड, पाणी आणि गटार देऊन लोकांना घरं बांधायला सांगितली होती. तिथे गल्ल्या अजून सरळ आहेत. घरांवर मजले चढले, भाडेकरू भरले, पण रस्ता कुणी गिळला नाही, कारण तो घरांच्या आधी होता.

दुसरीकडे २०१२ मध्ये थिका रोड आठ पदरी झाला आणि २०२२ मध्ये २७ किलोमीटरचा, काही भागात उन्नत असलेला टोल एक्स्प्रेसवे, तोही चिनी कंपनीकडून. विमानतळावरून वेस्टलँड्सला आता मी चटकन पोचतो, खोटं कशाला बोलू. पण इथली प्रचंड जनता पायी चालते. सकाळी औद्योगिक भागाकडे पाहिलं तर रस्त्याच्या कडेच्या मातीतून माणसांची रांगच्या रांग. कर्ज मिळतं ते पुलाला. दोन वस्त्यांच्या मधली पायवाट पक्की करायला कोणती बँक येणार? फीत कापण्याइतकी ती रुंदही नसते.

माजी रचना सहायक, गुजरातेत तुमची ती रचना योजना अजून चालते असं ऐकून आहे. खरं का?

---

माजी रचना सहायक

आधी दीड गुंठा यांना. दोरी आणि फक्कीने पंधरा फुटांचा रस्ता सोडलात, त्याला मी माझ्या खात्यातल्या कितीतरी आराखड्यांपेक्षा वरचे मार्क देईन. प्रत्येकाने आपल्यातून थोडं सोडलं हेच त्यातलं मर्म. तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: कपात सगळ्यांची सारखीच असली पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. लहान भूखंडातून कमी किंवा अजिबात न घेता, पाहिजे तर थोडा सुधार आकार लावून, मोठ्यांकडून जास्त घेता येतं. उभं घर तसंच ठेवून त्याच्याभोवती भूखंडाची हद्द आखता येते. पण हे कागदावरचं बोलणं झालं. प्रत्यक्षात मोठ्या पट्टीवाल्याकडे वकील असतो आणि तुमच्याकडे साठेखत, त्यामुळे लवादापुढे कोण टिकतं हे तुम्हाला माहीत आहे. भाडेकरूंचा तर विचारच नसतो. मालकी हाच योजनेचा पाया, त्यामुळे ज्याच्या नावावर काही नाही तो नकाशात दिसतच नाही. हा या पद्धतीतला खरा दोष आहे आणि तो गुजरातेतही आहे.

म्हणूनच ही योजना गुंठे पडायच्या आधी व्हायला हवी. शेतं शेतं असताना. वस्ती झाल्यावर तुमच्या इथे करायचं ते एवढंच: गटार, पाणी, आणि निवडक दोन-तीन गल्ल्या बंब जाण्याएवढ्या मोकळ्या.

आता नैरोबीकर. होय, खरं आहे. कायदा एकाच झाडाचा, १९१५ चाच. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, आपण आराखड्याकडे वळलो, त्यांनी रचना योजना सोडली नाही. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांतिलाल मंगलदास खटल्यात ही पद्धत वैध ठरवली, तो खटलाही गुजरातचाच. पण त्यांच्याकडेही वर्षानुवर्षं लागायचीच. १९९९ च्या दुरुस्तीने त्यांनी गाठ सोडवली: प्रारूप योजना मंजूर झाली की रस्त्याखालची जमीन लगेच ताब्यात, किमतीची भांडणं मागाहून चालू देत. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बराचसा असाच झाला. भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावठाणात याच पद्धतीने बोळ रुंद केले, तेही लोक राहत असताना. आपल्याकडे आता म्हाळुंगे-माणला पीएमआरडीएने आणि पनवेलच्या बाजूला नैनात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभाव क्षेत्रात, सिडकोने पुन्हा सुरुवात केलीय. म्हाळुंगे-माणला निम्मी जमीन परत, नैनात चाळीस टक्के, बाकीची रस्ते आणि सोयींना. नैनात शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांसाठी १९८४ मध्ये जासईला रक्त सांडलेल्या मुलखात लोकांनी संशय घेऊ नये असं मी तरी म्हणणार नाही.

हडपसरजवळ मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी आपणहून सुमारे ४०० एकर एकत्र केले, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले. आतले रस्ते पाहा, झाडं पाहा, उत्तम. सरकारच्या योजनेशिवायही बांध हलू शकतात हे त्यांनी दाखवलं. पण भोवती कुंपण आहे आणि फाटकाबाहेर आला की पुन्हा तुमची-माझी गर्दी. तिथे मालक एका समाजाचे, एकमेकांचे भाऊबंद, आणि पुढाकार घेणारा माणूस घरचा. दर गावात हे जमणार नाही.

ओढ्यांबद्दल कुणी विचारलं नाही, तरी लिहितो. ओढा हीसुद्धा हद्दच. त्याच्या अलीकडे एक सर्व्हे नंबर, पलीकडे दुसरा. प्रत्येक बिल्डर आपल्या बाजूने भिंत बांधून थोडी जागा आत घेतो, त्याची परवानगी त्याच्या तुकड्यापुरती बरोबर असते, आणि पात्राची रुंदी कुणाच्याच फाईलमध्ये नसते. तुमच्या कात्रजच्या तलावापासून निघणाऱ्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केलं ते तुम्ही सातव्या मजल्यावरून पाहिलं नसेल, पण सहकारनगर-अरण्येश्वरवाल्यांना विचारा.

---

सातवा मजला

बाप रे. धागा काढला तेव्हा वाटलं होतं चार शिव्या आणि दोन सहानुभूतीचे प्रतिसाद येतील.

काल उतरून पाहिलं. तंतोतंत तेच निघालं. आमच्या भिंतीच्या अलीकडे सहा मीटरची वाट, पलीकडे त्यांची तेवढीच. दोन्हींवर 'फायर टेंडर मार्ग, वाहने लावू नयेत' असं लिहिलंय आणि दोन्हींवर गाड्या लावल्यात.

मी आमच्या सेक्रेटरींना विचारलं की भिंतीत चालणाऱ्यांपुरतं एक फाटक करता येईल का. ते म्हणाले, 'एकदा वाट दिली की कायमची जाते, वहिवाट लागते, मग भिंतसुद्धा बांधू देणार नाहीत.' शेजारच्या सोसायटीचे चेअरमनही नेमकं हेच म्हणाले म्हणे. हे खरं आहे का? नाहीतर माझा मुद्दा इथेच संपला.

---

माजी रचना सहायक

सेक्रेटरींनी अर्धं ऐकलंय. वहिवाटीचा हक्क लागायला वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापर व्हावा लागतो, १८८२ चा सुविधाधिकार कायदा पाहा. परवानगी घेऊन वापरलेली वाट कितीही वर्षं वापरली तरी हक्क होत नाही. म्हणून दोन्ही सोसायट्यांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून एकमेकींना लेखी परवानगी द्यावी. मजकूर साधा: केवळ पायी येण्याजाण्यासाठी, केव्हाही महिन्याच्या सूचनेने रद्द करता येईल अशी. वकिलाला एकदा दाखवा. भिंत पाडायची नाही, फाटकाएवढा भाग कापायचा, आणि दोन्ही बाजूंनी तो अग्निमार्ग आहे म्हणून पायरी करू नका, जमीन समपातळीत ठेवा.

फाटक सकाळी शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी उघडं, रात्री कुलूप, किल्ली दोन्ही वॉचमनकडे. खर्च निम्मा निम्मा.

पेरूवाल्याकडे मात्र बिल्डरला किंवा नगरसेवकाला घेऊन जाऊ नका. तुम्ही जा, एकट्या. त्याच्या सातबारावरून लाल रेघ किती गुंठे खाते ते आधी भूमी अभिलेखातून काढून घ्या, आणि त्याला विचारा की पालिकेने आजवर लेखी काय देऊ केलंय. माझा अंदाज, काहीच नाही.

---

गुंठामंत्री (पदच्युत)

काहीच नाही. विचारून झालंय माझं. आणि पेरू विकत घेऊन खा, कुंपणावरून तोडू नका, तुमच्या सोसायटीतली पोरं फार त्रास देतात.

---

सातवा मजला

अय्या, तुम्हीच का ते?! रविवारी येते. कागद घेऊन.